बिनआवाजाचे तीन चित्रपट

सोमवार, ४ तारीख

मंजुरी आली! वाचनालयाचं सभागृह लागोपाठ तीन रविवार, दुपारी चारला, आमच्या चित्रपट मंडळाला मिळालं. हॉलिवूडच्या त्या तरुण नटाचे तिन्ही चित्रपट दाखवायचे. त्याने केलेच तीन, आणि तेविसाव्या वर्षी मोटारीच्या शर्यतीत गेला. म्हणजे 'निवडक' वगैरे भानगडच नाही. संपूर्ण. मला संपूर्ण गोष्टी बऱ्या वाटतात.

सतराव्या वर्षी मी हे तिन्ही पाहिले आणि त्याच्यासारखे खांदे पाडून चालायला लागलो. वडिलांनी पाठीला फूटपट्टी बांधली. आठ दिवसांत पाठ सरळ झाली. पुढे वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली, ती त्याच सरळ पाठीने. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मंडळाचे सभासद सात, अध्यक्ष मी.

बायकोला बातमी सांगितली. तिने विचारलं, "काय असतं त्या चित्रपटांत?"

"तिन्हीत त्याचं वडिलांशी पटत नाही. बहुधा करारातच तशी अट असावी."

"असं?" म्हणाली आणि हातातला कपबशीचा फडका तसाच धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझा उत्साह बघून तिलाही बरं वाटलं असावं.

शुक्रवार, ८

रिळांचे पत्र्याचे डबे आले. पावतीवर बासष्ट किलो लिहिलं होतं, घरच्या काट्यावर एकसष्ट किलो चारशे ग्रॅम भरले. पाठवणाऱ्यांना पत्र टाकलं.

सभागृहाच्या मशीनवाल्यांना भेटलो. चाळीस वर्षं तेच प्रोजेक्टर चालवतात. कानाने पार अधू, पण हाताला सराव आहे. मी ओरडून विचारलं, "मशीन कसं आहे?" ते म्हणाले, "घड्याळासारखं!" जीव भांड्यात पडला.

रविवार, १०

काय लिहू! प्रेक्षक तेवीस. मी वीस मिनिटांचं प्रास्ताविक केलं, दिवे गेले, पडद्यावर घोड्यांचा तबेला आला, आपला नट आला, त्याने तोंड उघडलं आणि काहीच ऐकू आलं नाही. घोडा खिंकाळला, तेही मुक्याने. मी जिना चढून मशीनच्या खोलीत धावलो. "आवाज!" म्हणून ओरडलो. मशीनवाले अंगठा वर करून म्हणाले, "फर्स्ट क्लास!"

चौकशीअंती कळलं की मशीनचा आवाज गेली सहा वर्षं बंद आहे. त्यांना कधी जाणवलं नाही आणि मध्यंतरी तिथे फक्त आरोग्य खात्याच्या मुक्या फिल्म दाखवल्या गेल्या.

पडद्याखाली भाषांतराच्या ओळी नव्हत्या. मी पुढे उभा राहून त्या नटावरच्या माझ्या पुस्तकातलं कथासार वाचू लागलो. पहिल्या परिच्छेदाला चार जण उठले, दुसऱ्याला पाच.

तेवढ्यात चौथ्या रांगेत दंतवैद्यांच्या आई (दंतवैद्य आमचे चिटणीस, आईंचं वय सत्त्याऐंशी) मोठ्याने म्हणाल्या, "काय म्हणतोय गं तो पोरगा?"

शेजारी माझी बायको बसली होती. ती म्हणाली, "म्हणतोय, बाबा, घोडी मी सोडून दिली."

"आणि बाप?"

"बाप विचारतोय, नोंद केलीस का?"

सभागृह हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, जरा मोठ्याने!" झालं. बायको शेवटपर्यंत बोलत राहिली. पोराचा आवाज, बापाचा आवाज, घोड्याच्या डॉक्टरचा आवाज. एकेचाळीस वर्षं संसार केला, पण ही इतके आवाज काढते हे माहीत नव्हतं. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं होती, पण तिथे 'नंबर प्लीज'पलीकडे काय बोलायचं असतं?

उठलेल्या नऊपैकी सात परत येऊन बसले.

सोमवार, ११

पुस्तक पुन्हा वाचलं. पुस्तकात बाप आणि मुलगा जमिनीच्या वाटणीवरून भांडतात. बायकोने मात्र असं सांगितलं की मुलाने हौसेने दुकान काढलं आणि पहिल्याच सकाळी बापाने येऊन त्याचा काटा जप्त केला. मी म्हटलं, "हे पुस्तकात नाही."

"पुस्तकवाल्याने नीट बघितलं नसेल," म्हणाली.

शक्य आहे. ती ओठ बघून बोलत होती, ओठ खोटं बोलत नाहीत. अमेरिकेतही वजनमापे कायदा इतका कडक आहे हे वाचून, म्हणजे ऐकून, समाधान वाटलं.

योगायोग असा की आमच्याकडेही असंच झालं होतं. चार वर्षांपूर्वी आमच्या मुलीने पावाचं दुकान काढलं. पहिल्या दिवशी सकाळी मी गेलो. काट्यात अकरा ग्रॅमचा फरक होता. मी काटा जप्त केला, दाराला खात्याचं सील लावलं, पंचनाम्यावर तिची सही घेतली. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' असंही लिहिलं, कारण लपवाछपवी मला जमत नाही. खात्यात त्याची फार तारीफ झाली. नंतर तिने दुकान पुन्हा उघडलंच नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी बेकरीत कामाला लागली. बायकोशी बोलते. माझ्याशी नाही.

मी चुकलो असं मला वाटत नाही. अकरा म्हणजे अकरा. तरी हे लिहिताना पेन दोनदा अडलं. शाई बदलायला हवी.

गुरुवार, १४

मंडळाची तातडीची बैठक. आवाजाचा भाग आता कुठेच मिळत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला की असं मशीन त्याने शेवटचं संग्रहालयात पाहिलं होतं. कार्यक्रम रद्द करावा असा ठराव मी मांडला. दंतवैद्य म्हणाले, "रद्द कशाला? वहिनी आहेत की." सहा विरुद्ध शून्य. मी तटस्थ राहिलो. बायकोला दोन माइक आणि पाण्याचा तांब्या मंजूर झाला.

माझं प्रास्ताविक कमी करावं अशीही सूचना आली. अध्यक्षांनी ती फेटाळली.

रविवार, १७

प्रेक्षक दोनशे सहा! खुर्च्या कमी पडल्या. आपल्या शहरातल्या लोकांना वेळेची किंमत नाही असं म्हणतात, पण आज मी एक नवलच पाहिलं. प्रास्ताविकाला सभागृहात मी, मशीनवाले आणि दंतवैद्यांच्या आई एवढेच होतो. मग बरोबर चार वाजून वीस मिनिटांनी दोनशे माणसं एकदम आली. सगळे उशिरा, पण सगळे सारखेच उशिरा. इतकी एकवाक्यता मी आजवर कोणत्याही बाजारात पाहिली नाही.

दुसरा चित्रपट दीपगृहाच्या रखवालदाराचा. त्याच्या मुलाला, म्हणजे आपल्या नटाला, बोटीवर जायचं असतं. नट काय काम करतो! नुसता जिन्यावर बसतो आणि हाताने गुडघा चोळतो, तरी आपली नजर हटत नाही. बायकोचं काम त्यामुळे सोपं झालं असणार.

एक नोंद करून ठेवतो. रखवालदार दर प्रसंगात "नियम म्हणजे नियम" असं म्हणतो. मुलगा तापाने फणफणलेला असताना थर्मामीटर झटकून म्हणतो, "आधी याचं प्रमाणपत्र दाखव." त्याची बायको परगावी निघाली तर तिच्या बॅगेचं वजन करून बघतो. लोक हसून हसून खुर्चीवरून पडत होते. मीही हसलो. अशी माणसं असतात खरी. खात्यात आमचे एक साहेब अगदी असेच होते.

मग वादळाचा प्रसंग आला. मुलगा होडी सोडून निघतो आणि बाप वर दिव्यापाशी उभा असतो. बापाचे ओठ हलतात. बायको काही बोललीच नाही. सभागृह थांबलं, मी थांबलो, पडद्यावरचा बाप बोलतच होता. शेवटी ती म्हणाली, "हा काय म्हणतोय, ते मला खरंच माहीत नाही. त्याने कधी सांगितलं नाही."

शेजारची बाई रुमालाने डोळे पुसत होती आणि माझ्याकडे बघत होती. सभागृहात धूळ फार आहे. वाचनालयाला कळवतो.

परत येताना बायकोला विचारलं, "तिथे थांबलीस का? ओठ दिसले नाहीत?"

"दिसले. तुमचं मत काय, काय म्हणत असेल तो?"

"हवामानाचं काहीतरी," मी म्हणालो.

ती पुढचा सगळा रस्ता माझ्यापुढे चार पावलं चालत होती.

मंगळवार, १९

आपत्ती! बायकोचा आवाज गेला. सकाळी उठली ती पाटी घेऊनच. पाटीवर लिहिलं होतं, 'घसा बसला. पार गेला.' मी डॉक्टरकडे नेत होतो, पण तिने दंतवैद्यांनाच बोलावून घेतलं. त्यांनी बॅटरी मारून तपासलं आणि सात दिवस एक शब्द बोलायचा नाही असं सांगितलं. मी म्हटलं, "घसा तुमच्या शास्त्रात येतो का?"

"दातांच्या मागे घसाच असतो," ते म्हणाले. हे बिनतोड होतं.

येता रविवार तिसरा, शेवटचा, सर्वांत गाजलेला चित्रपट. तीनशे लोक येणार. आता कोण बोलणार?

गुरुवार, २१

अंघोळ करत असताना बाहेरून बायकोसारखाच आवाज आला. "हो, चारला ये... नाही, त्यांना नाही सांगितलं... अगं, माझ्यासाठी ये... मी काय जन्मभर दोघांच्या मधली तार धरून बसू?" अंग पुसून बाहेर आलो तर ती टेलिफोनपाशी पाटी मांडीवर घेऊन गप्प बसली होती. रेडिओ लावला असावा. रेडिओवर हल्ली कौटुंबिक श्रुतिका बऱ्या असतात.

जेवताना तिने पाटी पुढे केली. 'बापाचा आवाज तुम्ही द्या. मुलाचा एकजण देईल. तरुण आहे.'

मी म्हटलं, "मला जमणार नाही."

तिने पुसून लिहिलं, 'नुसतं बोलायचंय.'

शनिवार, २३

पुस्तकावरून बापाचे सगळे संवाद टाइप केले. बावन्न पानं, प्रत्येक पानावर रिळाचा क्रमांक. हा बाप आडवळणाच्या रेल्वे स्टेशनचा मास्तर असतो. मुलगा बऱ्याच वर्षांनी परत येतो. शेवटी मास्तर जन्मात पहिल्यांदा गाडी दोन मिनिटं थांबवून ठेवतो. एवढंच. मी सतराव्या वर्षी इथे रडलो होतो. का, ते आठवत नाही.

आरशासमोर तालीम केली. "गाडी उशिरा आहे" हे वाक्य बारा पद्धतींनी म्हणून पाहिलं. बायको दारात उभी राहून तोंडावर हात धरून बघत होती. घसा दुखत असणार.

नियम ठरवला. पडद्यावरच्या बापाचं तोंड उघडं असेल तेव्हाच बोलायचं. बंद तोंडावर शब्द घालणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक.

रविवार, २४

क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

सभागृह खचाखच. लोक जिन्यावर, खिडकीत. पडद्याच्या डाव्या बाजूला माझं टेबल, माइक, बॅटरी आणि बावन्न पानं. उजवीकडे दुसरा माइक, तिथे कुणीच नव्हतं. दिवे गेले. पडद्यावर स्टेशन आलं, गाडी आली, आपला नट खाली उतरला. त्याने तोंड उघडलं आणि उजव्या माइकवरून आवाज आला, "बाबा."

माझी बॅटरी हातातून पडली. चार वर्षांत ऐकला नसला तरी आवाज ओळखायला काही लागत नाही. मी तिकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती. बाहीला पीठ लागलं होतं, कामावरून तशीच आली असावी.

पडद्यावरचा मास्तर म्हणाला, म्हणजे मी म्हणालो, "गाडी उशिरा आहे."

"तुमच्या घड्याळाने," ती म्हणाली. हे पुस्तकात नव्हतं. लोक हसले.

पहिलं रीळ कसंबसं पार पडलं. दुसऱ्यासाठी मी पान उलटलं तर पडद्यावर भलताच प्रसंग. मशीनवाल्यांनी दुसऱ्याऐवजी सहावं रीळ लावलं होतं! मी पानं शोधू लागलो, बॅटरी खुर्च्यांखाली घरंगळलेली, अंधारात बावन्नच्या बावन्न पानं खाली सांडली. वर हात करून ओरडलो, तर मशीनच्या खोलीच्या खिडकीतून अंगठा दिसला.

पडद्यावर बाप आणि मुलगा फलाटावरच्या बाकावर बसले होते. दोघांची तोंडं बंद. पुस्तकात या प्रसंगाला 'चार मिनिटांची शांतता' असं म्हटलंय. तीनशे माणसं ती शांतता ऐकत बसली. मग नटाने मान वळवली आणि माझी मुलगी म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही आलातच कशाला?"

मास्तरचं तोंड बंद होतं. नियमाप्रमाणे मी गप्प राहिलो. मास्तरने टोपी काढली. पुन्हा घातली. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बोला हो साहेब." शेवटी मास्तरने तोंड उघडलं.

"पिशवी घेऊन आलो होतो," मी म्हणालो.

हे कुठून आलं, मला माहीत नाही. गाडीचं काहीतरी म्हणणार होतो.

"कसली पिशवी?" ती म्हणाली. नटाचं तोंड तेव्हा बंद होतं. तिने माझ्यासारखा नियम केला नसावा.

"कापडी. पाव घ्यायला. पहिलं गिऱ्हाईक आपण व्हायचं म्हणून पावणेसातला येऊन समोरच्या फुटपाथवर उभा होतो. तू पावांच्या भावाची पाटी पुसत होतीस. दोनदा पुसलीस."

"मग?"

"मग आत आलो आणि काटा दिसला."

मास्तरचं बोलणं एव्हाना संपलं होतं. तो समोर रुळांकडे बघत बसला होता, ओठ घट्ट मिटून. मला ते दिसत होतं. तरी मी बोलत राहिलो. "काटा दिसला की हात खिशातल्या वजनांकडे जातो. चौतीस वर्षं जातोय. तू हसत होतीस. मला वाटलं, तू म्हणशील, बाबा, आज राहू दे. मग मी म्हणणार होतो... काय म्हणणार होतो कुणास ठाऊक. तू काहीच म्हणाली नाहीस. सही केलीस. मी पिशवी घडी करून खिशात घातली."

इतक्यात दंतवैद्यांच्या आई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय म्हणतोय गं तो?"

आणि माझी बायको, जिला सात दिवस एक शब्द बोलायची बंदी होती, चौथ्या रांगेतून स्वच्छ, मोठ्याने म्हणाली, "म्हणतोय, चुकलं."

मी असं म्हणालो नव्हतो. हे इथे नमूद करतो. पण खुलासा करायला माइकपाशी वाकलो, आणि मग मी तो केला नाही.

उजवीकडून नाक ओढल्याचा आवाज माइकवरून सभागृहभर गेला. तेवढ्यात रीळ बदललं, तिसरं लागलं, आणि पडद्यावर आपला नट कुठल्याशा भलत्याच प्रसंगात पोट धरून हसायला लागला. मुलीला त्याच्याबरोबर हसणं भाग होतं. आधी नाइलाजाने हसली, मग थांबेचना. पुढे मला काही फारसं आठवत नाही. दुसरं रीळ सर्वांत शेवटी लागलं, त्यामुळे चित्रपट संपला तो मास्तर स्टेशनात एकटाच कंदिलाची काच पुसत असताना. तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या नटासाठीच. इतक्या वर्षांनी, बिनआवाजाचा, उलटासुलटा दाखवला तरी माणसांना जागेवर खिळवतो. याला म्हणतात अभिनय.

सगळे गेल्यावर डबे खाली गाडीत ठेवायचे होते. मी एक डबा उचलू लागलो. तिने दुसरी कडी धरली. जिन्यावर ती म्हणाली, "हळू. तुमची पाठ."

"बरी आहे," मी म्हणालो.

अर्धा जिना उतरल्यावर म्हणाली, "काय घेणार होतात?"

"ठरलं नव्हतं. समोरच्या फुटपाथवरून तुझी पाटी वाचता येत नव्हती. अक्षर फार बारीक होतं."

"चार वर्षांनी हे सांगताय?" ती म्हणाली. पण डबा तिने सोडला नाही. असे सगळे डबे आम्ही दोघांनी उतरवले. मशीनवाले वरून अंगठा दाखवत होते.

सोमवार, २५

बायकोचा आवाज पूर्ण परत आला आहे. दंतवैद्यांना आभाराचं पत्र लिहिलं. इतक्या लवकर गुण येणं वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल. त्यांनी त्यावर एक लेख लिहावा असंही सुचवलं.

मंडळाने नवीन मशीन घेऊ नये, असा ठराव सहा विरुद्ध शून्य असा मंजूर झाला. मी तटस्थ राहिलो. पुढच्या महिन्यात कोणत्या नटाचे चित्रपट आणायचे यावर चर्चा आहे. ज्यांचं वडिलांशी पटतं असे नट हॉलिवूडमध्ये फारसे सापडत नाहीत.

मुलगी सकाळपासून आली आहे. आज तिची सुट्टी. येताना पाव घेऊन आली, अजून गरम होता. दोघी स्वयंपाकघरात भांडताहेत. बायकोचं म्हणणं, पोरीने परत स्वतःचं दुकान काढावं. पोरीचं म्हणणं, तिला विचारल्याशिवाय कुणी तिच्या आयुष्याचे संवाद लिहू नयेत. दोघींचे आवाज चढलेत. चार वर्षं या घरात घड्याळाची टिकटिक मोजता येत होती, आज मला माझं स्वतःचं लिहिलेलं वाक्य मनातल्या मनात वाचता येत नाहीये. निवाडा करायला मला बोलावताहेत, पण कुणाच्या बाजूने बोलायचं ते दोघीही सांगत नाहीत. दोन्ही म्हणणी बरोबरच वाटतात आणि पुस्तकात पाहायची सोय नाही.

पुन्हा हाक आली. एकीची "अहो", दुसरीची "बाबा", दोन्ही एकदम.

आलो.